कॅन्सरची औषधं, त्यांचा हिशोब आणि फार्मासिस्टचं टेबल

सांजवात

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाला तीन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. दासाटिनिबची रोज एक गोळी. सुरुवातीला सगळं झकास चाललं होतं. मग बीसीआर-एबीएलचा आकडा, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते सांगणारा, जो प्रत्येक रिपोर्टला उतरत होता, तो अडकला आणि पुढच्या खेपेला थोडा वर सरकला. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक रिपोर्ट बघू, नाहीतर औषध बदलावं लागेल." बदलून मिळणार होतं ते आणखी महाग. वहिनी काही बोलली नाही, पण त्या रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता.

त्याआधी दुपारी औषधांच्या खिडकीशेजारच्या टेबलावर बसणाऱ्या फार्मासिस्टताईंनी दादाला बसवून घेतलं आणि पिशवी टेबलावर उलटी करायला लावली. अक्षरशः उलटी. रक्तदाब, साखर, व्हिटॅमिन, गुडघ्याचं काहीतरी, सगळ्या पट्ट्या. एकेक उचलून मागचं नाव वाचलं, आणि एका अर्ध्या कापलेल्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "ही कधीपासून?" पॅन्टोप्राझोल. पित्तासाठी कुणीतरी पंधरा दिवसांपुरती लिहून दिली होती. बरं वाटतं म्हणून दादा आठ महिने घेत होता. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण "ॲसिडिटीचं काय सांगायचं त्यांना!"

दासाटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं म्हणे. ते कमी झालं की गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी उतरत नाही. ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पॅन्टोप्राझोल बंद झालं, गरज पडली तर साधं अँटासिड, तेही दोन तासांचं अंतर ठेवून. पुढचे दोन्ही रिपोर्ट खाली आलेत. औषध तेच आहे.

आता मुद्दा. रुग्णालय ते टेबल बंद करतंय. खर्चकपात. रुग्ण आणि नातेवाइकांकडून लेखी अभिप्राय मागवलेत. मला पत्र लिहायचंय, पण भावनेच्या भरात लिहिलं तर कोण वाचणार? म्हणून विचारते: कॅन्सरचं औषध "किफायतशीर" आहे की नाही हे ठरवतात कसं? आणि त्या हिशोबात असं टेबल कुठे बसतं का?

चष्मिष्ट

पिशवी उलटी करणं हा कुठल्याही स्कॅनपेक्षा भारी तपास आहे. आमच्याकडे करायचा झाला तर टेबल पुरणार नाही, सतरंजी लागेल.

आकडेमोड्या

चांगला धागा. हिशोबाची बाजू मांडतो.

किफायतशीर म्हणजे स्वस्त नव्हे. नवं औषध जुन्यापेक्षा किती जास्त पैसे खातं आणि त्या बदल्यात किती जास्त आयुष्य देतं, त्याचा भागाकार. आयुष्यही नुसतं मोजत नाहीत, त्याच्या दर्जाने गुणतात. ठणठणीत तब्येतीचं एक वर्ष म्हणजे १, अंथरुणाला खिळून गेलेलं वर्ष त्याहून कमी. याला क्वाली म्हणतात. इंग्लंडमध्ये नाइस नावाची संस्था १९९९ पासून हे काम करते. एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड ही बरीच वर्षं त्यांची मर्यादा होती. आयुष्याच्या अखेरीस घ्यायच्या औषधांना त्यांनी २००९ ते २०२२ या काळात जास्त सूट दिली, कारण कॅन्सरची औषधं त्या मर्यादेत बसेचनात.

एक उदाहरण या विषयात हमखास निघतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जेमसिटाबिनच्या जोडीला एर्लोटिनिब. २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आयुर्मानाचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले, निम्मे जास्त, तो आकडा) ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेला. वजाबाकी करा. दहा दिवस. संख्याशास्त्राच्या परीक्षेत हे औषध पास झालं, पण त्या दहा दिवसांसाठी अंगभर पुरळ, जुलाब आणि बिल.

मुक्कामपोस्ट

आकडेमोड्या, तुमचा राग नाही, पण "वजाबाकी करा" हे वाचून हात थरथरला.

माझ्या बाबांना हाच कॅन्सर होता. शेवटच्या दोन आठवड्यांत ते माझ्याशी बोलले. सहा वर्षांचा अबोला होता आमचा. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. पण ते दहा दिवस तुमच्या तक्त्यात शून्य पूर्णांक शून्य काहीतरी असतील, माझ्या तक्त्यात तेवढेच आहेत.

आकडेमोड्या

@मुक्कामपोस्ट, माफ करा. शब्द कोरडे पडले माझे.

फक्त एकच सांगतो, वादासाठी नाही. मध्यक दहा दिवसांनी सरकला म्हणजे प्रत्येकाला दहा दिवस मिळाले असं नसतं. कुणाला महिने मिळतात, बऱ्याच जणांना काहीच नाही, आणि कुणाचे शेवटचे दिवस दुष्परिणामांत जातात. आधी सांगता येत नाही कोण कुठल्या गटात. हिशोब करणारा कुणा एकाच्या बाबांची किंमत करत नसतो. त्याच पैशात आणखी कुणाचे बाबा वाचले असते का, एवढंच बघतो. पण ज्याचे बाबा, त्याने हे ऐकून गप्प बसावं अशी अपेक्षाही चूकच.

मुक्कामपोस्ट

ठीक आहे. चालू द्या. मी वाचतोय.

खलबत्ता

सांजवातताई, मी याच टेबलाच्या पलीकडे बसतो. म्हणजे तुमच्या रुग्णालयातला नव्हे, पण कॅन्सर विभागातला क्लिनिकल फार्मासिस्ट. सोळा वर्षं. लोकांना वाटतं आम्ही गोळ्या मोजून पुडीत घालतो. थोडं सविस्तर लिहितो, पत्राला उपयोग होईल.

केमोचं प्रत्येक प्रिस्क्रिप्शन बनवायच्या आधी आम्ही पुन्हा गणित करतो. उंची-वजन आजचं आहे की तीन महिन्यांपूर्वीचं? कार्बोप्लॅटिनचा डोस किडनी किती काम करते त्यावर ठरतो. एखाद्या बारीक, वयस्कर बाईचं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनी गाळून टाकते तो पदार्थ) कमी आलं तर कागदावर किडनी उत्तम दिसते. खरं तर अंगात स्नायूच उरलेले नसतात म्हणून ते कमी असतं. तो आकडा डोळे झाकून सूत्रात टाकला की डोस जास्त निघतो.

विनक्रिस्टिन शिरेतून द्यायचं औषध आहे. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस बहुतेक वाचत नाही. जगभरात अशा चुका झाल्या, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये इशारा काढला: सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या पिशवीत पातळ करून द्या. पिशवी कुणी कण्यात टोचायला जात नाही. मी ती पिशवी भरतो तेव्हा लेबल दोनदा वाचतो, दुसऱ्यांदा मोठ्याने. नवी पोरं हसतात. हसू देत.

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या अनेकांना आठवड्यातून एकदा असतात. घरी जाऊन लोक रोज घेतात, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. पाच-सहा दिवसांत तोंडभर फोड आणि रक्तपेशी तळाला. याने माणसं दगावलेली आहेत. मी पाकिटावर "आठवड्यातून एकदा" लिहीत नाही, वार लिहितो. "बुधवार." आणि माणसाकडून म्हणून घेतो.

आता पैशाचं. इंजेक्शनची कुपी ठरावीक मापाची येते, डोस वजनावर निघतो, उरलेलं फेकलं जातं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशोब मांडला होता: तिथे वर्षाला सुमारे १८० कोटी डॉलरचं कॅन्सरचं औषध कुपीच्या तळाशी राहून कचऱ्यात जातं. आम्ही काय करतो, तर एकाच औषधाचे रुग्ण शक्यतो एकाच दिवशी बोलावतो, आणि डोस दहा टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टरांना विचारून जवळच्या कुपीच्या मापाला आणतो. एका रुग्णाची एक कुपी वाचली की कधीकधी माझा महिन्याचा पगार निघतो. ही अतिशयोक्ती नाही, हे आमच्या औषधांचं दुखणं आहे.

कोपरखळी

"मोठ्याने वाचतो" यावर एक शंका. डॉक्टरांचं अक्षर मोठ्याने वाचता येतं?

खलबत्ता

आता कॉम्प्युटरवर येतं. पूर्वी देवाला आठवून वाचायचो. (ह. घ्या.)

रात्रपाळी

कॅन्सर विभागात निवासी डॉक्टर आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

टेबल हवं, याबद्दल दुमत नाही. पण सगळी टेबलं सांजवात यांच्या ताईंसारखी नसतात. आमच्या एका आजींना कुणीतरी कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीच्या दुष्परिणामांचा छापील कागद हातात दिला. त्यावर चाळीसएक गोष्टी. त्यांनी तो घरी नेऊन वाचला, गोळ्या देवघरात ठेवल्या आणि दोन महिन्यांनी गाठ वाढवून आल्या. समुपदेशन म्हणजे माहितीचा ढीग ओतणं नव्हे. त्यातल्या दोनच गोष्टी ठसवायच्या होत्या: जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्या, आणि दिवसाला नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब वाढले किंवा ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर त्याच दिवशी फोन. काही लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना पहिल्याच फेरीत जिवावर बेतू शकतं. युरोपच्या औषध संस्थेने २०२० पासून आधी तपासणी करा असं सांगितलंय.

दुसरं. किफायतशीर म्हटलं की सगळे महागड्या नव्या औषधांबद्दल बोलतात. आमचे सगळ्यात चांगले सौदे जुन्या औषधांचे आहेत. उलटीसाठी ओलान्झापिन. मुळात मानसिक आजाराची गोळी, पण केमोच्या मळमळीवर फार छान चालते. १० मिलिग्रॅमने लोक दिवसभर पेंगायचे. टाटा मेमोरियलने २.५ मिलिग्रॅम देऊन बघितली, उलटीवर तितकीच चालली आणि पेंग कमी. २०२४ मध्ये छापून आलं. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, त्यावर डायक्लोफिनॅकचं साधं जेल. हो, तेच, गुडघेदुखीचं. एम्सच्या अभ्यासात त्रासदायक स्वरूपाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आलं. तळहात शाबूत राहिले की डोस कमी करावा लागत नाही. असं औषध विकायला कुठली कंपनी माणूस पाठवणार नाही. म्हणजे सांगायचं कुणी? तर टेबलावरच्या माणसाने.

(स्वतःचाच विरोधी सूर शेवटी फिरला, कळलं.)

चष्मिष्ट

कॅपेसिटाबिनवरून: माझ्या मावसभावाचे बोटांचे ठसेच गेले होते. बायकोला वाटलं हा मोबाइल मुद्दाम उघडून दाखवत नाहीये. औषधाच्या दुष्परिणामांत "संसार धोक्यात" हेही छापायला हवं.

रात्रपाळी

हे खरंच होतं, थट्टा नाही. ठसे उमटत नाहीत म्हणून लोक विमानतळावर अडकलेत.

उलटतपासणी

@रात्रपाळी, टाटा मेमोरियलवरून आठवलं. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं, कमी डोसमध्ये देतात म्हणे, दहाव्या हिश्शाहून कमी. मग पूर्ण डोस घेणारे काय वेडे? की कमी डोसवाल्यांना फसवलं जातंय?

रात्रपाळी

दोन्ही नाही. तुम्ही म्हणताय तो अभ्यास डोके-मानेच्या कॅन्सरचा. १५१ रुग्ण, जे एरवी बरे होणारच नव्हते. सगळ्यांना घरी घ्यायच्या गोळ्यांची केमो, त्यातल्या निम्म्यांना जोडीला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४०. वर्षभराने जिवंत असणारे १६.३ टक्क्यांऐवजी ४३.४ टक्के. मोठा फरक आहे.

पण तुलना "कमी डोस विरुद्ध काहीच नाही" अशी होती, "कमी विरुद्ध पूर्ण" अशी नव्हती. पूर्ण डोस परवडतो त्याने कमी घ्यावा असं त्यातून निघत नाही. ज्याला पूर्ण परवडतच नाही त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, एवढं नक्की निघतं.

उलटतपासणी

मान्य. मग माझ्या काकांचं. प्रोस्टेटसाठी अबिराटेरोन, रोज १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी. कुठेतरी वाचलं की जेवणासोबत २५० घेतलं तरी चालतं. काका उद्यापासून सुरू करायचं म्हणतायत. तीन चतुर्थांश पैसे वाचतील.

खलबत्ता

उद्यापासून नको! आधी डॉक्टर.

तो अभ्यास खरा आहे, २०१८ चा. पण ७२ रुग्ण, आणि मोजमाप मुख्यतः पीएसएचं, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतल्या आकड्याचं. हलक्या, कमी तेलातुपाच्या न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅम दिलं होतं. अन्नाबरोबर हे औषध कितीतरी पट जास्त शोषलं जातं, आणि किती पट हे ताटात काय आहे त्यावर. काकांनी सवयीने १००० चीच गोळी भरपेट जेवणावर घेतली तर उलटाच प्रकार. काही डॉक्टर ज्यांना परवडत नाही त्यांना विचारपूर्वक २५० वर ठेवतात, सोबतचं स्टेरॉइड, पोटॅशियम, रक्तदाब, लिव्हर सगळं बघून. काकांनी प्रश्न जरूर विचारावा. लाजू नये. "डॉक्टर, परवडत नाहीये" हे वाक्य जेवढं लवकर बोललं जाईल तेवढे आमच्या हातात जास्त पर्याय असतात. लोक ते बोलत नाहीत, गुपचूप एक दिवसाआड घेतात.

कोपरखळी

एक दिवसाआड म्हणालात म्हणून सांगते.

माझी आत्या. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, मग टॅमॉक्सिफेन पाच वर्षं. टॅमॉक्सिफेन जुनं औषध, स्वस्त, पैशाचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांनी तिचं कपाट आवरताना साड्यांच्या घडीखाली सात पट्ट्या मिळाल्या. भरलेल्या. अंगातून वाफा निघायच्या, रात्री दोनदा गाऊन बदलायला लागायचा, सांगितलं तर "कॅन्सर गेला ना, मग एवढं काय" असं ऐकायला लागायचं. म्हणून ती आम्हाला दाखवून पट्टी आणायची आणि ठेवून द्यायची. कुणी रागावेल म्हणून फेकायचीही नाही.

तिला कुणी विचारलंच नव्हतं. तपासणीला गेल्यावर "गोळी चालू आहे ना?" असा प्रश्न, त्याला "हो" हेच उत्तर असतं.

खलबत्ता

अगदी. मी "चालू आहे ना" असं विचारत नाही. "गेल्या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारतो. मग खरं बाहेर येतं. आणि वाफांवर उपाय असतात, पण तिथेही मेख आहे: काही नैराश्याच्या गोळ्या वाफांवर चालतात, त्यातलीच पॅरोक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनला यकृतात कामाला लागूच देत नाही. म्हणून परस्पर कुणी लिहून दिलेली घ्यायची नाही. झाडपाल्याचं म्हणून घेतलेलंही टेबलावर आलं पाहिजे. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती मन प्रसन्न राहावं म्हणून विकतात, ती इमॅटिनिबचं (सीएमएलचीच एक गोळी) रक्तातलं प्रमाण खाली आणते.

आत्या आता कशा आहेत?

कोपरखळी

बऱ्या आहेत. दुसरी गोळी आहे. ती घेते. मी मोजते, तिला माहीत आहे मी मोजते.

आकडेमोड्या

कोपरखळींच्या प्रतिसादाने मला हवं ते सापडलं. सांजवात, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

मी वर भागाकार सांगितला. वरचा आकडा पैसे, खालचा आयुष्य. खालचा आकडा येतो औषध बाजारात यायच्या आधी रुग्णांवर होणाऱ्या चाचण्यांमधून. तिथे रुग्ण निवडून घेतात, बाकीची औषधं तपासतात, उरलेल्या गोळ्या परत मागवून मोजतात, परिचारिका फोन करतात. म्हणजे टेबल तिथे आधीच मांडलेलं असतं! मग ते औषध बाहेर येतं, टेबल मागे राहतं. तुमच्या दादाने आठ महिने पूर्ण किमतीची गोळी घेतली, दासाटिनिब अर्धवटच रक्तात उतरलं. आत्यांच्या पट्ट्या साड्यांखाली. भागाकारात वरचा आकडा तोच, खालचा घसरतोय, आणि कागदावर औषध अजूनही "किफायतशीर".

ज्या हिशोबावर रुग्णालय हे औषध वापरतं त्या हिशोबात टेबल धरलेलंच आहे. ते वेगळा खर्च म्हणून काढता येत नाही. हे लिहा.

मुक्कामपोस्ट

हे मला पटलं. पहिल्यांदाच.

उलटतपासणी

पण किमतीच मुळात अवाच्या सवा आहेत, त्याचं काय? आपण टेबलावर पैसे वाचवायचे आणि कंपनीने वाटेल तो भाव लावायचा?

आकडेमोड्या

रास्त. भाव ब्रह्मलिखित नसतो हे दाखवणारी दोन उदाहरणं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी आतड्याच्या कॅन्सरचं एक नवं औषध वापरायला नकार दिला, जुन्याइतकंच चालतं आणि दुप्पट महाग म्हणून. तसं वर्तमानपत्रात लिहिलं. काही आठवड्यांत कंपनीने प्रत्यक्ष किंमत निम्म्यावर आणली. पुढच्याच वर्षी सीएमएलच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र लेख लिहून त्यांच्याच आवडत्या औषधांच्या किमतींवर टीका केली. इमॅटिनिब २००१ मध्ये आलं तेव्हा चमत्कार होता, आणि नंतर भाव उतरायच्या ऐवजी चढत गेला. जेनेरिक आल्यावर तीच गोळी हिशोबात वेगळीच दिसायला लागली. औषध तेच, भागाकार बदलला.

तेव्हा दोन्ही भांडणं लढायची. पण सांजवात यांचं पत्र टेबलापुरतं राहू दे, सगळं कोंबलं तर कुणी वाचणार नाही.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र लिहिलं. मुख्य भाग इथे देते, चुका काढा:

"माझे बंधू आपल्याकडे सीएमएलसाठी उपचार घेतात. आठ महिने ते ॲसिडिटीची गोळी घेत होते, त्यामुळे दासाटिनिबचा परिणाम कमी होत होता. औषध बदलण्याची वेळ आली होती. आपल्या समुपदेशन टेबलावर ही गोष्ट वीस मिनिटांत लक्षात आली. औषध न बदलता पुढील दोन्ही रिपोर्ट सुधारले. दोन्ही रिपोर्टच्या प्रती, आणि बदलून मिळणार होतं त्या औषधाच्या एका वर्षाच्या खर्चाचा आपल्याच विभागाने दिलेला अंदाज, सोबत जोडला आहे. त्या वीस मिनिटांचा खर्च आपण काढावा."

चष्मिष्ट

शेवटच्या ओळीला टोपी काढली.

रात्रपाळी

"त्यामुळे परिणाम कमी होत होता" ऐवजी "कमी होत असावा" लिहा. आमच्यातला एखादा पहिलं तेच पकडेल.

खलबत्ता

आणि "ॲसिडिटीची गोळी" नको. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, कधी सुरू केली ती तारीख. पट्टी अजून असेल तर फोटो जोडा. टेबलावर बसणाऱ्या ताईंचं नाव मात्र घालू नका, त्यांना विचारल्याशिवाय.

सांजवात

बदललं दोन्ही. पट्टी आहे, दादाने पाकिटात ठेवली होती. चार गोळ्या उरल्यात तिच्यात.

खलबत्ता

फोटो काढून झाला की त्या चार ताईंकडे जमा करा.